एका डोंगराचे चार नकाशे

पाटण तालुक्यातला कोयनाकाठ हा महाराष्ट्रातला सर्वांत जास्त तपासलेला डोंगराळ मुलूख असावा. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी इथे भूकंप झाला, पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि तेव्हापासून जगभरच्या भूकंपतज्ज्ञांचे पाय या खोऱ्याला लागत राहिले. त्यानंतर पाच रिश्टरहून मोठे असे वीसपेक्षा जास्त धक्के इथे बसले, तेही जेमतेम वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यात. त्यांचा अभ्यास करण्यासाठी कराडजवळ हजारमाचीला खास प्रयोगशाळा उभी राहिली आणि गोठण्याला जमिनीत तीन किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले. धरणाची पातळी इथे रोज मोजली जाते, पाऊस मोजला जातो, जमिनीची बारीकशी थरथरही टिपली जाते. आणि तरीही जुलै २०२१ मध्ये याच तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे या गावांवर डोंगर उतरला, तेव्हा साठ वर्षांत साठलेल्या या ज्ञानातले काहीही त्या घरांपर्यंत पोचलेले नव्हते.

ज्ञान नव्हते असे नाही. ते चार ठिकाणी वाटले गेले होते. भूकंपाचा नकाशा एका संस्थेकडे, दरडींचा नकाशा भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाकडे, पूररेषा आणि धरणाचे वेळापत्रक जलसंपदा विभागाकडे, पाऊस आणि वादळाचा अंदाज हवामान विभागाकडे. यातला प्रत्येक नकाशा आपापल्या जागी बहुतेक बरोबर असतो. पण मिरगावातल्या बाईचा प्रश्न चार नकाशांत विभागलेला नसतो. तिला एवढेच कळायला हवे असते की यंदाच्या पावसाळ्यात या घरात लेकरांना घेऊन झोपावे की नाही. तो प्रश्न घेऊन ती ज्या कार्यालयात जाईल, तिथे तिला एक चतुर्थांश उत्तर मिळेल, आणि चार चतुर्थांशांची बेरीज करून पूर्ण उत्तर मिळत नाही, हेच मला या लेखात मांडायचे आहे.

अनेक नैसर्गिक संकटांच्या टापूत जोखीम मोजायची म्हणजे काय करायचे, याची आपल्याकडची रूढ पद्धत सोपी आहे. प्रत्येक संकटाला एक ते पाच असे गुण द्यायचे, नकाशांचे थर एकावर एक ठेवायचे, गुणांची बेरीज करायची आणि ज्या गावाची बेरीज मोठी ते लाल रंगात दाखवायचे. ही पद्धत कामाला लवकर लागते म्हणून कार्यालयांना आवडते. पण तिच्यात दोन उणिवा आहेत. पहिली उघड आहे. ज्या वाडीवर दरडीचा धोका पाच आणि बाकी दोन धोके एक-एक आहेत तिची बेरीज सात होते. जिथे तिन्ही धोके मध्यम, तीन-तीन आहेत, तिची नऊ. मग यादीत दुसरी वाडी वर जाते आणि पहिली, जिच्या डोक्यावर कडा आहे, ती खाली. माणूस मात्र सरासरीने मरत नाही.

दुसरी खोट खोल आहे. बेरीज करताना आपण असे धरून चालतो की हे धोके एकमेकांना ओळखत नाहीत. पूर आपला आपण येतो, दरड आपली आपण पडते. सह्याद्रीत हे गृहीतक उभेच राहत नाही.

२२ जुलै २०२१ चाच दिवस घ्या. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तोच पाऊस पश्चिमेकडे सावित्रीतून उतरला आणि महाड बुडाले. वाशिष्ठीला मिळाला आणि चिपळूण बुडाले. महाड तालुक्यातल्या तळिये गावाच्या वरच्या उतारात मुरला आणि त्या दिवशी दुपारनंतर तो उतार वस्तीवर आला, ऐंशीहून अधिक माणसे त्याखाली गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे, पूर्वेकडे पाटणची ती तीन गावे. आता कागदावरचे गणित पाहा. एखाद्या टापूत शंभर वर्षांतून एकदा येईल असा पूर आणि शंभर वर्षांतून एकदा घडेल असे भूस्खलन, हे दोन स्वतंत्र मानले तर दोन्ही एकाच वर्षी होण्याची शक्यता दहा हजारांत एक निघते. इतक्या दूरच्या गोष्टीसाठी कोण तयारी करील? पण दोन्हींचे कारण एकच पाऊस असेल तर ती शक्यता पुन्हा शंभरात एकच्या जवळ येते. आणि कोकणाने तर शंभर वर्षेही वाट पाहिली नाही. २५-२६ जुलै २००५ ला याच महाड तालुक्यात शहर पाण्याखाली होते आणि त्याच वेळी जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन या गावांवर दरडी कोसळल्या होत्या. दोनशेच्या जवळपास माणसे गेली. सोळा वर्षांत तीच जोडगोळी त्याच तालुक्यात दोनदा आली.

जोडीने आलेल्या संकटाचा खरा घाव बचावकार्यात दिसतो. तळियेला मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला, कारण महाडच पाण्यात होते, घाटरस्त्यांवर दरडी होत्या, फोन लागत नव्हते. ज्या तहसील कार्यालयाने तळियेकडे माणसे पाठवायची, ते स्वतः पुरात. चिपळूणच्या कोविड रुग्णालयात पाणी शिरले, वीज गेली आणि तिथले आठ रुग्ण दगावले. महासाथीची आखणी एका टेबलावर झाली होती, पुराची दुसऱ्या. पुराच्या आराखड्यात असे धरलेले असते की दरडीसाठीची यंत्रणा मोकळी आहे. दरडीच्या आराखड्यात असे की रस्ता उघडा आहे. प्रत्येक आराखडा उरलेल्या सगळ्या संकटांच्या गैरहजेरीवर उभा असतो.

साखळीचा दुसरा प्रकार याहून संथ आहे आणि तो मोजायला जास्त कठीण. एक संकट येऊन जाते, पण जाताना पुढच्या संकटासाठी जमीन बदलून जाते. चीनच्या वेनचुआनमध्ये १२ मे २००८ ला भूकंप झाला आणि त्या प्रदेशातले डोंगर खिळखिळे झाले. चीनने पुनर्बांधणी झपाट्याने केली. पण ऑगस्ट २०१० च्या पावसात त्याच उतारांवरून सुटलेला दगडमातीचा लोंढा यिंगश्यू आणि चिंगफिंग इथल्या नव्याने बांधलेल्या वस्तीत घुसला. भूकंपापूर्वी जेवढा पाऊस त्या डोंगरांनी सहज पचवला असता, त्याहून कमी पावसात ते आता वाहू लागले होते. म्हणजे दरडीचा नकाशा भूकंपाच्या दिवशीच जुना झाला होता, फक्त नवा कोणी काढला नव्हता.

कोयनेच्या बाबतीत ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. इथले धक्के धरणातल्या पाण्याशी निगडित आहेत हे आता वादातीत आहे. पावसाळ्यात जलाशय भरत असताना आणि नंतर हिवाळ्यात त्यांची वारंवारता वाढलेली दिसते. जवळच्या वारणेचे धरण भरल्यानंतर १९९३ पासून त्या बाजूलाही धक्के सुरू झाले. म्हणजे ज्या आठवड्यांत उतार पाण्याने गच्च होतात, त्यांच्या आगेमागेच जमीन हलण्याचाही हंगाम असतो. २०२१ च्या दरडी भूकंपाने पडल्या असे मी म्हणत नाही. त्या दिवशीचा पाऊस त्यांना पुरेसा होता. माझे म्हणणे एवढेच की साठ वर्षे लहानमोठे हादरे खाल्लेल्या उताराला किती पाऊस झेपतो, हा प्रश्न भूकंपाच्या नकाशावरही नाही आणि दरडीच्या नकाशावरही नाही. तो दोन नकाशांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडला आहे, आणि वाड्या नेमक्या त्याच जागेत आहेत.

अशा प्रश्नांचे उत्तर काढण्याचे शास्त्र आपल्याकडे नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. ते शास्त्र त्याच खोऱ्यात, त्याच पाण्याकाठी उभे आहे. धरणाचा आराखडा करणारा अभियंता धोके सुटे सुटे मोजत नाही. तो भारांचे संयोग मांडतो. धरण पूर्ण भरलेले आणि त्याच वेळी भूकंप. महापूर आलेला आणि त्याच वेळी पायातल्या निचऱ्याच्या वाटा तुंबलेल्या. धरण भरलेले, भूकंप झालेला आणि निचराही बंद. या प्रत्येक संयोगात धरण टिकते का, हे त्याला दाखवावे लागते. महापूर आणि मोठा भूकंप एकाच क्षणी मात्र तो धरत नाही, कारण त्यांचा परस्परसंबंध नाही आणि तेवढी ताकद ठेवायची तर धरण बांधणेच परवडणार नाही. कोणते संयोग धरायचे, कोणते सोडायचे आणि का, हे तिथे लिहून ठेवलेले असते. १९६७ च्या धक्क्याने कोयनेच्या भिंतीला तडे गेले, पण ती उभी राहिली; मग तिच्या पाठीला काँक्रीटचा आधार देऊन ती भक्कम केली गेली. हे काम उत्तम झाले आणि त्याचा अभिमान वाटावा असेच आहे.

माझा प्रश्न साधा आहे. एकशे तीन मीटर उंचीच्या भिंतीसाठी आपण जे गणित करतो, ते तिच्या आजूबाजूच्या डोंगरउतारांवरल्या वाड्यांसाठी का करत नाही? त्या वाड्यांतल्या कित्येकांच्या आधीच्या पिढीची जमीन त्याच जलाशयाखाली आहे. काही कुटुंबे दूर सोलापूर-रायगडकडे गेली, काही तिथेच वर सरकली. वाडीसाठीचे संयोग लिहायला फार मोठी संगणकप्रणाली लागत नाही. सलग तीन दिवस पाऊस, उतार भिजलेला, रात्रीची वेळ, वीज गेलेली, मोबाइलचा टॉवर बंद, खाली ओढ्याला पाणी आल्यामुळे रस्ता तुटलेला: अशा वेळी या वाडीतल्या माणसांनी कुठे जायचे? आणि जिथे जायचे ठरले ती शाळा त्याच उताराच्या पायथ्याशी आहे का? बहुतेक ठिकाणी हा दुसरा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो.

याद्यांचे काय झाले ते आठवून पाहा. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाडले गेले, १५१ माणसे गेली. त्यानंतर धोकादायक गावांच्या याद्या झाल्या, सर्वेक्षणे झाली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गेली. ती वाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती, हे शासनानेच विधिमंडळात सांगितले. भूकंपाच्या नकाशाचाही इतिहास असाच. १९६७ पर्यंत दख्खनचे पठार अचल समजले जाई. कोयनेने तो समज मोडला आणि १९७० मध्ये नकाशा बदलला. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली तेव्हा ती सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होती. २००२ मध्ये तो विभागच नकाशातून काढून टाकावा लागला. आपले नकाशे संकटाच्या मागून चालतात. जिथे घडले आहे तिथे धोका दाखवायचा, ही त्यांची रीत. नोंदी अवघ्या शंभर-दीडशे वर्षांच्या आणि डोंगर सहा कोटी वर्षांहून जुने, म्हटल्यावर नोंदीत नसणे म्हणजे सुरक्षित असणे, असा निष्कर्ष काढण्याचा अधिकार कोणालाच नाही.

याद्यांची आणखी एक अडचण मापाची आहे. यादी महसुली गावाची होते, दरड मात्र महसुली गावाची हद्द पाहून पडत नाही. सह्याद्रीत एका गावाला सात-आठ वाड्या असतात. गावठाण सपाटीला, ठाकरवाडी किंवा धनगरवाडा मैल-दोन मैल वर, कड्याच्या अंगाशी. गावाचे गुण काढताना वाडीचा धोका गावठाणाच्या सुरक्षिततेत विरघळून जातो. आणि ज्यांची वस्ती वर आहे त्यांनी ती हौसेने निवडलेली नाही. सपाट जमीन ज्यांची होती त्यांची होती; उरलेल्यांना उतार मिळाला. म्हणून जोखीम मोजताना फक्त मातीचा थर आणि उताराचा कोन मोजून भागत नाही. सातबारा कोणाच्या नावावर आहे, वाडीपर्यंत रस्ता आहे का, घर सोडून चार दिवस बाहेर राहिले तर गुरांना कोण पाहील, मजुरी कोण देईल, याही गोष्टी जोखमीच्या मापातच बसतात. दुभते जनावर मागे ठेवून कोणी निवाऱ्यात जात नाही. गुरांची सोय नसलेला निवारा रिकामा राहतो आणि मग अहवालात लिहिले जाते की लोकांनी सूचनेला प्रतिसाद दिला नाही.

माणसे मोजण्यातही वेळ आणि हंगाम धरावा लागतो. जनगणना बहुधा फेब्रुवारीत होते. त्या महिन्यात डोंगरवस्त्यांतली कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा शहरात मजुरीला असतात. जूनमध्ये ती परततात आणि जुलैत भातलावणीला घरे भरलेली असतात. म्हणजे ज्या महिन्यात डोंगर सर्वांत धोक्याचा, त्याच महिन्यात त्याखाली सर्वांत जास्त माणसे. इर्शाळवाडीतली काही मुले वाचली, कारण ती त्या रात्री आश्रमशाळेत होती. त्याच रात्री, त्याच उताराखाली, त्याच वाडीतल्या दोन माणसांची जोखीम इतकी वेगळी असू शकते.

आता घराकडे येतो, कारण अनेक धोक्यांचा सगळा गुंता शेवटी घराच्या भिंतीत आणि छपरात उतरतो. किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यावर माळवद होते. ऊन आणि थंडी या दोन्हींना ते घर उत्तम होते. भूकंपात त्याच माळवदाने माणसे गाडली. त्यातून धडा घेतला गेला तो छप्पर हलके असावे असा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि त्याने उलटा धडा दिला: हलके छप्पर उडते. श्रीवर्धन, दिवेआगर भागात कौले आणि पत्रे पानांसारखे गेले. मग महाड-चिपळूणसारख्या गावांत पुराचा धडा येतो: तळमजला मोकळा ठेवा, नुसत्या खांबांवर इमारत उचला, पाणी खालून जाऊ द्या. पण खांबांवर उचललेली आणि खाली भिंती नसलेली इमारत भूकंपात काय करते, हे २६ जानेवारी २००१ ला अहमदाबादने पाहिले. पार्किंगसाठी तळमजला मोकळा ठेवलेल्या कितीतरी इमारती तिथे बसल्या. आणि चिपळूण कोयनेपासून दूर नाही, मधे फक्त सह्याद्रीची धार आहे.

मग बांधायचे कसे? हा प्रश्न सुटणारा आहे, आणि तो सुटतो तो धोके एकत्र पाहिल्यावरच. दारा-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना बांधून घेणारा काँक्रीटचा सलग पट्टा आणि त्या पट्ट्याला लोखंडी सळीने आवळलेले छप्पर, ही जोडणी वाऱ्यालाही पुरते आणि हादऱ्यालाही. खांबांवरची इमारत हवीच असेल तर तळमजल्याच्या खांबांना आडवा आधार देता येतो, पाणीही जाते आणि इमारतही उभी राहते. खर्च थोडा वाढतो. पण नुकसानभरपाईचे अनुदान एका संकटाच्या खात्यातून येते आणि त्या संकटाच्या पंचनाम्यापुरतेच असते. वादळात पत्रे उडाले तर पत्र्यांचे पैसे मिळतात, पट्ट्याचे नाहीत. म्हणून घर दर वेळी मागच्या संकटासाठी दुरुस्त होते आणि पुढच्यासाठी तसेच कच्चे राहते.

रायगड जिल्ह्याने चौदा महिन्यांच्या आत तीन तडाखे घेतले. जून २०२० मध्ये निसर्ग, मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ, जुलै २०२१ मध्ये पूर आणि दरडी; आणि या सगळ्याच्या पोटात महासाथ. सुपारीची बाग उन्मळली की नव्या झाडाला पीक धरायला पाच-सात वर्षे जातात. म्हणजे ज्या घरचे उत्पन्न निसर्गने नेले ते घर पुढच्या दोन्ही तडाख्यांना उसनवारीवर सामोरे गेले. दागिने गहाण, छपरावर ताडपत्री, हाती रोकड नाही. अशा घराला तोच पूर दुप्पट महाग पडतो. पंचनाम्यात मात्र प्रत्येक संकट नव्याने सुरू होते, जणू आधी काही घडलेच नाही. माझ्या मते जोखमीच्या मूल्यमापनातला हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

पूररेषांबद्दलही थोडे बोलले पाहिजे. आपल्याकडे निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोक याचा अर्थ असा घेतात की एकदा पूर येऊन गेला की आता शंभर वर्षे निर्धास्त. खरे तर दर वर्षी शंभरात एक अशी ती शक्यता आहे, आणि तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत ती शेकडा सव्वीसवर जाते. निळ्या रेषेतल्या घराला पंचवीस वर्षांत पाणी लागण्याची शक्यता शेकडा चौसष्ट. शिवाय ही रेषा मोकळ्या नदीसाठी काढलेली. डोंगरातून सुटलेली दरडीची माती नदीच्या पात्रात येऊन बसली, पात्र उथळ झाले, की तेवढेच पाणी वर चढते. चिपळूणच्या बाबतीत कोयनेची वीज करून पश्चिमेकडे सोडलेले पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीच्या खोऱ्यात येते, आणि २०२१ च्या पुरात त्या विसर्गाचा वाटा किती यावर मोठा वाद झाला. वाद व्हावा हे ठीकच. पण पूर्वेच्या खोऱ्यातले पाणी पश्चिमेला येते ही वस्तुस्थिती असताना दोन बाजूंचे मूल्यमापन दोन वेगळ्या वह्यांत का असावे?

या सगळ्यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की धोके एकत्र मोजायचे म्हटले तर संयोगांना अंत नाही; सगळे धरत बसलो तर एकही वाडी तपासून होणार नाही. याला उत्तर धरण बांधणाऱ्यांनीच देऊन ठेवले आहे. सगळे संयोग धरायचे नसतातच. ज्यांचे कारण एक आहे, किंवा ज्यातले एक दुसऱ्याला वाट करून देते, तेवढेच धरायचे. घाटमाथ्याखालच्या वाडीसाठी ते तीन-चारच निघतात.

दुसरा आक्षेप प्रशासनातून येतो: वाडी धोकादायक म्हणून जाहीर केली की घबराट होते, तिथला विकास थांबतो, आणि सगळ्यांचे पुनर्वसन करायला ना जमीन आहे ना पैसा. यातली जमिनीची अडचण मी खरी मानतो. पण ती सांगून माहिती दडवण्याचे समर्थन होत नाही. पुनर्वसन हा एकच उपाय नव्हे. पावसाचा ठरावीक आकडा ओलांडला की रात्र होण्याआधी खाली यायचे, पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती गुरांसह राहण्याची पक्की सोय करायची, उतारावरचे पाणी वळवायचे, माथ्यावरचे खोदकाम थांबवायचे, हे पायरीपायरीने करता येते. पुनर्वसनही एकाच धोक्याकडे पाहून केले की काय होते ते नव्या माळीणमध्ये दिसले. एप्रिल २०१७ मध्ये घरे दिली गेली आणि पहिल्याच पावसाळ्यात रस्ते खचले, भराव वाहिला, लोक पुन्हा धास्तावले. जुन्या डोंगरापासून दूर नेले, पण नव्या जागेवरच्या पाण्याचा आणि भरावाचा हिशेब त्याच काटेकोरपणे झाला नव्हता.

तिसरा आक्षेप शास्त्रज्ञांचा आहे आणि तो मला सर्वांत जास्त विचारात पाडतो. त्यांचे म्हणणे असे की वाडीच्या पातळीवर अचूक भाकीत करण्याइतकी माहिती नाही. चुकीचा इशारा दिला तर पुढच्या वेळी लोक ऐकणार नाहीत. इशारे फुकट गेले की विश्वास जातो, हे खरेच. पण अनिश्चितता सांगता येते आणि लोकांना ती समजते. ज्या शेतकऱ्याचे सगळे आयुष्य मृगाच्या भरवशावर जाते त्याला शक्यता म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. त्याला हवी असते प्रामाणिक भाषा: एवढे ठाऊक आहे, एवढे नाही, आणि ठाऊक नसताना आम्ही सावध बाजूने निर्णय घेत आहोत. शिवाय माहितीचा एक मोठा साठा वाडीतच असतो. विहिरीचे पाणी अचानक गढूळ झाले, उतारावरचा झरा आटला किंवा नव्या जागी फुटला, झाडे कलली, पडवीच्या जोत्याला चीर गेली, वरच्या पठारावर लांबलचक भेग पडली, हे सगळ्यात आधी गुराख्याला दिसते. तो तलाठ्याला सांगतोही. पण ती नोंद घेऊन चोवीस तासांत भूवैज्ञानिकाने तिथे पोचावे, अशी वाट आपण बांधलेली नाही. माहितीची उणीव आहे, पण त्याहून मोठी उणीव ती गोळा करण्याच्या इच्छेची आहे.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आराखडा करणे बंधनकारक केले आहे. ते आराखडे होतात, जाडजूड असतात. त्यात भूकंपाचे प्रकरण असते, पुराचे असते, दरडीचे, वादळाचे असते. त्या प्रकरणांच्या मधे एक प्रकरण वाढवले पाहिजे, ज्यात यातली कोणती संकटे एकत्र येतात आणि आल्यास आधीच्या प्रकरणांतली कोणती गृहीतके कोसळतात हे वाडीवार लिहिलेले असेल. भूकंप, माती, पाणी आणि हवामान यांचे जाणकार आणि वाडीतली माणसे एकाच दिवशी एकाच उतारावर उभी राहून ते लिहितील तर ते खरे असेल. चार अहवालांना एकत्र शिवून ते होणार नाही.

१ मेच्या ग्रामसभा पावसाळ्याच्या महिनाभर आधी येतात. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना ज्यांची गावे आहेत, त्यांनी यंदाच्या ग्रामसभेला जावे, मुंबई-पुण्यात असाल तरी जावे. आपल्या वाडीबद्दल कोणत्या विभागाकडे काय लिहिलेले आहे ते मराठीत मोठ्याने वाचून दाखवायची मागणी करावी. रस्ता, वीज आणि फोन तिन्ही बंद असताना रात्री कुठे जायचे, त्या जागेवर दरड किंवा पाणी येणार नाही हे कोणी तपासले, आणि गुरांचे काय, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले तर ते इतिवृत्तात लिहून घ्यावे. नाही मिळाले तर तेही लिहून घ्यावे, ठरावासह तहसीलदारांकडे पाठवावे आणि पोच मागावी.